सुमित्रेची तक्रार मेंटेनन्सच्या रजिस्टरात

आमच्या टाउनशिपमध्ये रजिस्टरात चढलेली तक्रार मरत नसे. माणसं रिटायर होत, तक्रार ड्युटीवर राही. एकदा कुणी लिहिलं, गच्चीवर गाय चढली आहे आणि उतरत नाही. सिव्हिलवाल्यांनी तीन महिने खपून गाईसाठी उतार बांधला. गाय उतरली, रहिवाशाची सही झाली, तेव्हा कुठे ते पान बंद झालं. भोपाळला आलात तर उतार दाखवीन. गाय मात्र आता नाही.

नियमच तसा होता. मेंटेनन्स ऑफिसात जाऊन क्वार्टर नंबर आणि तक्रार लिहायची. माणूस येणार, काम करणार आणि 'काम समाधानकारक' यापुढे घरातल्या बाईची सही घेणार. सही नाही, तर तक्रार जिवंत.

सत्त्याहत्तर साली अच्युतने त्या रजिस्टरात आपली बायको लिहिली.

अच्युत मूळचा साताऱ्याचा, कारखान्यात प्लॅनिंगला. एखादी गोष्ट कागदावर चढली की अर्धी झालीच, अशी त्याची श्रद्धा. त्या उन्हाळ्यात सुमित्रेचं बाळ चौथ्या महिन्यात गेलं. क्युरेटिंग झालं. सहा आठवड्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तीन महिने झाले, ती गेली नव्हती. पाळी वाटेल तेव्हा येई आणि आली की जायचं नाव घेत नसे. कंबर धरलेली, जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे. अच्युतने फारच खोदलं तेव्हा ती म्हणाली, "गेले आणि त्या म्हणाल्या की आता नाही होणार, तर? नाही गेले तर निदान कुणी म्हटलेलं तरी नाही."

अच्युत उठला. तो मेंटेनन्स ऑफिसात गेला आणि सुवाच्य अक्षरात लिहून आला: 'क्वार्टर ११२. सौ.ना थकवा, कंबरदुखी, अनियमित रक्तस्राव. बाळ गेल्यापासून. शिवाय वरच्या मजल्यावरून रोज विचारणा. कृपया लक्ष घालावे.'

वरच्या मजल्यावर मंदाकिनीकाकू राहत. रोज संध्याकाळी बेल दाबून त्या एकच प्रश्न विचारत, "काय गं, काही विशेष?"

तिसऱ्या दिवशी दिगंबर फिटर पाना घेऊन दारात हजर. गडी इंदूरचा. सुमित्रेने त्याच्या हातातला कागद वाचला आणि कानापर्यंत लाल झाली.

"अहो, हे काही तुमचं काम नाही."

"ते मला पण समजतं, वहिनी. पण तक्रार चढली आहे ना! काही केल्याबिगर परत गेलो तर साहेब डांटतील. बोला, तकलीफ कुठे आहे?"

"कंबरेत. वाकलं की."

"मग वाकता कशाला?"

"नळ खाली आहे. बादली कशी भरू?"

दिगंबरने नळ कमरेइतका वर घेतला, खाली बादलीला ओटा बांधवला. "आता सही?"

"कंबर अजून दुखतेय."

"मग बिलकुल नका करू," तो गंभीरपणे म्हणाला आणि कागदावर लिहिलं, 'काम अंशतः.'

पुढे रांगच लागली. सुताराने फळ्या खाली आणल्या. गवंड्याने जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसायला कट्टा केला. त्यावर बिल्डिंगमधले तीन म्हातारे कायमचे राहायलाच आले. बागवाल्यांनी रक्त वाढावं म्हणून दारापुढची हिरवळ उपटून पालक लावला. तो पालक इतका माजला की खुडायला शिडी लागे. हसू नका, मी स्वतः खुडला आहे.

मग दिलीप इलेक्ट्रिशियन आला. "ही विचारणा कुठून येते, मॅडम?"

सुमित्रेने बेलकडे बोट दाखवलं. दिलीपने बेलची वायर काढली आणि बटणावर कवटीचं चित्र असलेली 'खतरा, ४४० व्होल्ट'ची पाटी ठोकली. संध्याकाळी मंदाकिनीकाकू जिन्यातच थबकल्या.

"सुमित्रा! अगं, काही विशेष?"

"काकू, मागे व्हा! लाइन चालू आहे!"

चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. पण सही काही केली नाही.

एवढ्यात हेड ऑफिसची तपासणी ठरली. साऱ्या टाउनशिपची तक्रार एकच उरलेली, क्वार्टर ११२ ची. प्रशासक भालचंद्र साहेब चार अधिकारी घेऊन जातीने आले आणि पाचजण ओळीने सोफ्यावर बसले. साहेब फाइल उघडल्याशिवाय घरी जेवायलाही बसत नसत म्हणे.

"मॅडम, नळ झाला, फळ्या झाल्या, पालक झाला. आता काय बाकी आहे?"

सुमित्रा चहा देऊन रिकामा ट्रे धरून उभी होती. "बाळ बाकी आहे," ती म्हणाली. "त्याचं कुणी नाव काढत नाही. जो तो पुढच्याचं विचारतो. आणि पुढचं होईल की नाही, ते ऐकायला जायची माझी छाती होत नाही."

चौघे अधिकारी चहात बघू लागले. भालचंद्र साहेबांनी फाइल मिटली.

"आमची दोन गेली," ते म्हणाले. "मोठीच्या आधी. कुठे लिहूनही ठेवलेलं नाही."

मग साहेबांनी पेन काढलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'जागेवर दुरुस्ती शक्य नाही. तज्ज्ञांकडे न्यावे. सोबत विभाग.'

"सोबत विभाग म्हणजे?" अच्युतने विचारलं.

"म्हणजे सगळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरसमोर पाण्याचा टँकर, दोन जीपा आणि दिवे बदलायची शिडीची गाडी उभी. सव्वीस माणसं. सुमित्रा पायरीवरच अडली.

"आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर नाही," दिगंबर म्हणाला. "ते पण चढवू. पण आम्ही सगळे समोर असू ना, वहिनी."

ती शिडीच्या गाडीत पुढे बसली. अख्ख्या रस्त्याने लोक थांबून बघत होते, कुठे आग लागली म्हणून.

डॉक्टर इंदुमतीबाईंनी तिला तपासलं, रक्त बघितलं आणि आधी चांगलं झापलं. "चार महिने अंगावर काढलंस! रक्त साडेसात. तोंडाने गोळ्या घेऊन भागायचं नाही, इंजेक्शनं घ्यावी लागतील. पिशवी ठीक आहे. आधी पाळी मार्गावर आणू, मग सहा महिन्यांनी प्रयत्न करा. व्हायला हरकत दिसत नाही. पण शब्द देत नाही. कुणीच देऊ शकत नाही."

दारात भालचंद्र साहेबांचं डोकं आलं. "गॅरंटी किती धरायची, डॉक्टर?"

"तुम्ही तुमच्या पाण्याच्या टाक्यांची देता का?"

डोकं मागे गेलं.

सुमित्रा बाहेर बाकावर येऊन बसली. ज्या शब्दाला चार महिने भ्यायली, तो आलाच नाही. जो हवा होता, तोही नाही. सव्वीसजण तिच्या तोंडाकडे बघत होते. साहेबांनी रजिस्टर पुढे केलं, सहीच्या जागी बोट ठेवलं. तिने पेन घेतलं, थोडा वेळ ते पान वाचलं, अच्युतच्या अक्षरातलं 'बाळ गेल्यापासून' दोनदा वाचलं, आणि सही न करता खाली लिहिलं, 'प्रलंबित. रहिवाशाची हरकत नाही.'

"मॅडम, हेड ऑफिसला काय सांगू?"

"हेच," ती म्हणाली, आणि उठून इंजेक्शनच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तिच्या मागे अच्युत, त्याच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे दिगंबर, आणि मग उरलेला विभाग. नर्स खिडकीतून ओरडली, "तुम्हाला सगळ्यांना काय होतंय?"

सव्वीसांतल्या एकालाही सांगता येईना.