बिनओठांचा मास्तर

सुरतेजवळच्या उधन्यात कापडाच्या लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढली की कान कामातून जातात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. सांगत नव्हते ते फक्त कारागीर, कारण बहिरा माणूस शेठ कामावर ठेवत नसे. धुळ्याकडून आलेला उखा आणि त्याचे सोबती एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखत आणि सगळं ऐकू येत असल्याचा आव आणत.

प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मधुकर सर अगदी समोर उभे राहून, अक्षर न् अक्षर ओठांनी घडवून शिकवत. त्यांना सारं ठाऊक होतं, पण ते कुणाजवळ बोलले नव्हते. चाळिशीतला उखा जोडाक्षरांपर्यंत पोचला होता. लिहिता-वाचता आलं की जॉबर, म्हणजे लूमवरचा मुकादम करतो, असा शेठचा शब्द होता. उखाला तेवढी एकच आस.

आणि एकोणऐंशी साली दिल्लीला शहाणपण सुचलं. एकेक मास्तर शिकवून शिकवून किती जणांना शिकवणार? रेडिओवरून धडे द्या, देश झपाट्याने साक्षर होईल! योजना वाईट नव्हती हो. ऐकणाऱ्याला कान आहेत का, एवढं विचारायचं राहून गेलं.

शिक्षण खात्याचे साहेब वर्गात रेडिओ घेऊन आले, सोबत शेठ. धडा सुरू झाला. उखाला दिसत होती नुसती जाळी, तिला ना ओठ ना दात. शेजारच्या निंबाने कोपराने ढोसून विचारलं, "काय सांगस तो?"

"माले काय ठावं?"

धडा संपला. "समजलं ना सगळ्यांना?" साहेबांचे ओठ हलले.

शेठ बघत होता. एकामागून एक माना डोलल्या. साहेब खूश झाले. म्हणाले, मग इथे मास्तरांची गरज नाही, त्यांना दुसऱ्या वर्गावर पाठवू.

साहेबांच्या मागे उभे असलेले मधुकर सर आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलले, "उखा, तू तरी सांग त्यांना."

उखाला शब्द न् शब्द कळला. सांगावं तर आजची भाकरी जाते, न सांगावं तर जॉबरकी. त्याने मान खाली घातली.

सोमवारी सर नव्हते. सगळे पाट्या घेऊन रेडिओसमोर शिस्तीत बसले. बराच वेळ गेला. निंबाची बायको मंगलाबाई डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अरे, हाऊ ते बंदच शे!"

उखाने ते तिच्या ओठांवरून ओळखलं. उठून त्याने बटण फिरवलं आणि परत जाळीसमोर येऊन बसला.