ओल्या सरकीची ऊब

धुळ्यात पांझरेच्या काठी झुलालभाऊंचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. माणूस हिशेबी, पण शहाणपण अर्धं. दुकानाचा आगीचा विमा उतरवताना एजंट पितांबरने दहादा बजावलं होतं, "भाऊ, यात पूर येत नाही. थोडा जादा हप्ता भरा, तोही जोडून देतो."

भाऊ हसले होते. "आमनी नदीमा म्हैस बसनी तरी पाठ भिजत नही. पूरनं काय लई बसना तू!"

त्या भाद्रपदात नदीने भाऊंचं तोंड बंद केलं. सरकीचा ढीग कमरेपर्यंत भिजला. पितांबर चिखल तुडवत आला. बिचाऱ्याला 'नाही' म्हणवत नव्हतं, पण पुराचं काहीच मिळणार नव्हतं.

ओली सरकी आतून तापते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पसरून वाळवली नाही, तर धुमसून पेट घेते. पाणी ओसरलं आणि ढिगातून वाफ निघू लागली. भाऊंच्या बायको प्रमिलाबाई टोपली घेऊन धावल्या, तर भाऊंनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे."

"ढीग पेटी जाई!"

"पेटू दे. आगना पैसा भेटतस."

लोभी नव्हता हो हा माणूस. उद्या खायचं काय, या धास्तीने त्याची मती फिरली होती.

तेवढ्यात शेजारच्या भिकुबाई अक्का काठी टेकत आल्या. म्हातारी एकटी. तिचं घर आणि हे दुकान, मध्ये एकच भिंत. पुरात तिच्या गोधड्याही भिजल्या होत्या.

"झुलाल, तुनं भलं होवो रे भाऊ! आपली मधली भीत किती गरम शे. पाठ लाईसन झोपनू, तवय हाडमानी थंडी गई. मना म्हातारीसाठेच शेगडी पेटाडी ना तू?"

भाऊंनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. त्यांनी बायकोच्या हातातली टोपली ओढून घेतली आणि ढिगात शिरले. आतली सरकी हाताला चटके देत होती. दोघांनी राबून सगळी गल्लीत पसरली. निम्मी काळी पडलेली, ती उकिरड्यावरच गेली.

दिवेलागणीला भाऊंनी भिंतीला हात लावून पाहिला. गार होती. प्रमिलाबाईंनी चुलीतले निखारे शेगडीत भरून दिले आणि भाऊ ती घेऊन अक्कांच्या घरी गेले.

"एक शे ना भीतनामांगे," अक्का म्हणाल्या, "आखो दुसरी कसाले?"

"ती इझाडी टाकी, अक्का," भाऊ म्हणाले आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं.