बेळगावचं मशीन

"तीनच्या आत भरलेत तर संध्याकाळच्या ट्रान्सपोर्टला मशीन चढवतो, मॅडम. उद्या सकाळी तुमच्या दारात. नंतर भरलेत तर माझा इलाज नाही. नागपूरची पार्टी थांबलीय," फोनवरचा माणूस म्हणाला.

"आणि साइटवरून भरले तर?" दमयंतीने विचारलं.

"साइटवाले पैसे धरून ठेवतात. माल तुम्हाला पोचला, तुम्ही होय म्हणालात, की मग मला मिळणार. तोवर मी जागा कशी खाली करू? म्हणून तर दोन हजार कमी करतोय. भाऊंच्या श्वासाचा प्रश्न आहे म्हणालात, म्हणून."

आवाज चांगला होता. घाई नव्हती, आगाऊपणा नव्हता. नाव सलिल सांगितलं होतं. फोन घेतल्यावर त्याने आधी भाऊंची तब्येत विचारली होती आणि मगच पैशाचं काढलं होतं.

दमयंतीने रिसीव्हर ठेवला. समोरच्या खाटेवर तिचा मोठा भाऊ हरिश्चंद्र मांडीवर दोन उशा घेऊन त्यांवर ओणवा बसला होता. तीन महिने तो असाच बसत होता. आडवं झालं की गुदमरायचा. नाकातली नळी खाटेशेजारच्या पांढऱ्या मानेच्या काळ्या सिलिंडरला जोडलेली होती. एकतीस वर्षं त्याने चिरेखाणीवर कापायचं मशीन चालवलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं होतं, फुप्फुसं दगडासारखी झालीत, आता दिवसाचे पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लागेल.

सिलिंडर दीड दिवस पुरायचा. मग रिक्षा करून एमआयडीसीत जायचं, रिकामा द्यायचा, भरलेला आणायचा. रिक्षातून तो उतरवून रत्नागिरीत मिऱ्यावरच्या त्यांच्या घराच्या सहा पायऱ्या चढवायला दर वेळी शेजारच्या कुणाला तरी हाक मारावी लागे. हवेतूनच ऑक्सिजन ओढणारं मशीन मिळतं, हे डॉक्टरांनीच सांगितलं. नवं घेणं आवाक्यातलं नव्हतं. हरिश्चंद्रची मुलगी वेदिका मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत काउंटरला बसायची. तिने इंटरनेटवरच्या लिलावात जुनं मशीन शोधून काढलं. बेळगावचं एक नर्सिंग होम बंद पडलं होतं, तिथलं. चार दिवस ती बोली वाढवत राहिली. काल संध्याकाळी लिलाव संपला आणि मशीन यांच्या नावावर लागलं. आज सकाळी त्या सलिलचा ईमेल आला, की पैसे साइटवर भरू नका, मला फोन करा.

"काय म्हणाला?" हौसावहिनीने विचारलं.

"बँकेत भरा म्हणतो. सरळ खात्यात."

"मग भरून ये."

"आत्ये, साइटवर लिहिलंय गो, बाहेर पैसे देऊ नका म्हणून," वेदिका दारातून म्हणाली. "पण सगळेच तसे नसतात. याच्या नावापुढे चांगले शेरे पण आहेत. सात."

"सात कुणाचे?"

एमआयडीसीतून सकाळीच निरोप आला होता, कोल्हापूरहून येणारी गाडी घाटात अडकलीय, भरलेले सिलिंडर उद्या दुपारशिवाय नाहीत. होता तो निम्म्याच्या बराच खाली आला होता. आजची रात्र तो पुरेल की नाही, सांगता येत नव्हतं. उरला मार्ग सिव्हिल हॉस्पिटलचा. दिवाळीत हरिश्चंद्र तिथे अकरा दिवस होता. शेजारच्या खाटेवरची दोन माणसं त्याच्यादेखत गेली. घरी आल्यावर त्याने बहिणीचा हात धरून सांगितलं होतं, "दमू, परत तिथं नको नेऊस."

दमयंतीने फंडातून काढलेली रक्कम पिशवीत घातली आणि ती एसटीने गावात गेली.

चोवीस वर्षं ती टेलिफोन ऑफिसात होती. त्यातली पहिली पंधरा ट्रंक बोर्डावर गेली. कानाला हेडफोन लावून माणसं जोडून द्यायची. पलीकडून कोण रडतंय, कोण खोटं हसतंय, कोण बायको शेजारी आहे म्हणून तुटक बोलतंय, हे तिला न ऐकायचं ठरवूनही ऐकू यायचं. पुढे सगळीकडे एसटीडी झालं, बोर्ड उचलून नेला आणि तिला बिलांच्या खिडकीवर बसवलं. तिने लग्न केलं नव्हतं. भावाचं घर हेच तिचं घर होतं. या सलिलच्या आवाजात तिला काही सापडलं नव्हतं, आणि त्याचंच तिला भय वाटत होतं.

बँकेत गर्दी होती. तिने स्लिप भरायला घेतली. ईमेलमधला खाते क्रमांक उतरवला. खातेदाराच्या नावाशी ती थांबली. तिथे सलिल नव्हतं, भलत्याच माणसाचं नाव होतं. तिने मोबाइलवरून फोन लावला.

"माझ्या मेहुण्याचं खातं आहे, मॅडम. माझं दुसऱ्या बँकेत आहे."

"मशीन आत्ता कुठे आहे?"

"पॅक करून ठेवलंय."

"कुठे? बेळगावात माझी ओळखीची माणसं आहेत. ती येऊन बघून जातील."

पलीकडे क्षणभर काही नव्हतं. फार थोडा वेळ, एखाद्याला ते जाणवलंही नसतं.

"नर्सिंग होमलाच आहे," तो म्हणाला. त्याने पत्ताही सांगितला, टिळकवाडीतला. "पण मॅडम, आज लोक बघायला येणार, उद्या तुम्ही विचार करणार. मला एवढा वेळ नाही. तुम्हाला भाऊ महत्त्वाचे की चौकश्या?"

तिने फोन बंद केला. बेळगावात तिची एकच ओळख होती, आणि त्या बाईला तिने कधी पाहिलं नव्हतं. भार्गवी. तिकडच्या बोर्डावरची. रत्नागिरी-बेळगावचे सगळे कॉल या दोघींनी वर्षानुवर्षं जोडले होते. दोन कॉलांच्या मधल्या फटीत एकमेकींच्या आया गेल्या ते ऐकलं होतं, भार्गवीच्या मुलाचं नाव फोनवर ठरलं होतं. बोर्ड गेल्यापासून वर्षाकाठी एखादा फोन व्हायचा.

"रत्नागिरी बोलतेय," दमयंती म्हणाली.

"बोल गं," भार्गवी म्हणाली, जणू कालच बोलणं झालं होतं.

दमयंतीने सगळं सांगितलं. भार्गवीने मधे एकही प्रश्न केला नाही. शेवटी म्हणाली, "दोन वाजता जेवणाची सुट्टी आहे. रिक्षाने जाते. तीनच्या आत होईल का ते नाही सांगू शकत."

बँकेतल्या बाकावर दमयंती बसून राहिली. समोर घड्याळ होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी सलिलचा फोन आला, नागपूरवाले आता भरायला निघालेत म्हणून. अडीचला घरून आला.

"बाय, सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात आलाय," हौसावहिनी म्हणाली. "भरलंस काय?"

"अजून नाय. चौकशी करतेय."

"कसली चौकशी? त्यांचे ओठ निळे दिसाया लागले. तो तिकडं मशीन देतो म्हणतोय, नि तू इकडं चौकश्या करत बसलीस? पैसा तुजा हाय, मी काय बोलणार. पण भाऊ पण तुजाच हाय ना गो?"

वहिनी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. दमयंती म्हणाली, "वेदिकाला सांग, रिक्षा बोलावून ठेव."

"कशाला?"

दमयंतीने फोन बंद केला.

पावणेतीनला ती रांगेत उभी राहिली. पुढे चार माणसं होती. भार्गवीचा फोन नव्हता. तिने स्वतः लावून पाहिला, घंटा वाजत राहिली. तिला वाटलं, खरा असेल तर? मेहुण्याचं खातं खरं असेल, नागपूरची पार्टी खरी असेल, आणि उद्या सकाळी दारात येणारं मशीन आपल्या संशयामुळे नागपूरला जाईल. मग दादाकडे कुठल्या तोंडाने बघायचं? पुढचा माणूस सरकला. आता ती आणि खिडकी.

"बोला," कॅशियर म्हणाला.

दमयंतीने पिशवीत हात घातला. नोटांना रबर लावलेलं होतं. तिच्या मनात एवढंच आलं, की हे पैसे गेले तर दुसरे नाहीत. दुसरं मशीन शोधता येईल, दुसरे पैसे नाही उभे करता येणार. आणि ज्याला खरंच विकायचंय, तो बघायला येणाऱ्या माणसाला भ्यायला नको.

"नाही भरायचे," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मागच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं. तीन वाजले, शिपायाने शटर अर्धं ओढलं. ती वाकून बाहेर आली आणि फुटपाथवर उभी राहिली. सलिलचे दोन फोन आले. तिने घेतले नाहीत. तिसरा आलाच नाही. पुढची वीस मिनिटं तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. आपण बरोबर केलं की भावाचा जीव घेतला, हे सांगणारं जगात कुणी नव्हतं.

तीन वीसला भार्गवी बोलली. तिला धाप लागली होती.

"भरलेस काय गं?"

"नाही."

"मग ऐक. नर्सिंग होम आहे, कुलूप आहे. वॉचमन म्हणतो दोन वर्षांपूर्वीच सगळं सामान गेलं, आत खुर्चीसुद्धा नाही. मला बघून म्हणाला, तुम्ही पण त्या मशीनसाठी आलात का? म्हणजे आधी आलेत गं लोक. गेल्या आठवड्यात कराडचा एक माणूस येऊन पायरीवर बसून राहिला होता म्हणे."

"तू जेवलीस का?" दमयंतीने विचारलं.

"जेवते आता. तू घरी जा."

त्याच संध्याकाळी हरिश्चंद्रला सिव्हिलमध्ये नेलं. रिक्षात हौसावहिनी त्याला धरून बसली होती. दमयंतीने बेळगावचं सगळं सांगितलं, तरी ती एवढंच म्हणाली, "असेल." खोटा माणूस तिने पाहिला नव्हता. नवऱ्याचे निळे ओठ पाहिले होते. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचरवर घेताना हरिश्चंद्रने बहिणीकडे पाहिलं. नको म्हणाला होता, तिथेच त्याला आणलं होतं. ती वाकली.

"दादा, मी पैसे नाय भरले."

त्याने दोनदा श्वास घेतला. "कळलं," म्हणाला. मग आणखी एकदा श्वास घेऊन, "बरं केलंस." ते त्याला पटलं होतं की तो फक्त तिला सोडवत होता, हे तिला पुढेही कधी कळलं नाही.

वॉर्डात तो एकोणीस दिवस राहिला. त्या दिवसांत वहिनी नणंदेशी कामापुरतं बोलली. डबा, गोळ्या, रात्री थांबायची पाळी. दमयंती ऑफिस सुटलं की सायबर कॅफेत जाऊन बसायची. आता ती आधी विक्रेत्याला फोन करायची आणि एकच गोष्ट विचारायची, पैसे साइटवरच भरू का. दोघांनी साइट नको म्हणायला कारणं सांगितली. तिसरे पुण्याचे एक निवृत्त मास्तर होते. "साइटवरच भरा. माझ्या पत्नीचं मशीन आहे. मशीनचा नंबर लिहून घ्या, कंपनीत विचारून खात्री करा," ते म्हणाले.

मशीन आलं. मेडिकलच्या दुकानातल्या माणसाने येऊन तास-दीड तास चालवून पाहिलं. त्यानंतर वेदिकाने कॅफेत जाऊन, माल मिळाला, असं बटण दाबलं, आणि तेव्हाच पैसे मास्तरांकडे गेले. वीज जायची तेवढ्या वेळापुरता लहान सिलिंडर ठेवला. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी हरिश्चंद्र एक उशी काढून टाकून आडवा झाला आणि झोपला. हौसावहिनी त्याच्या पायथ्याशी खाटेच्या कडेला बसून होती. तिने दमयंतीला खुणेने बोलावलं, हात धरून शेजारी बसवलं.

तो पावसाळा त्याने पाहिला, गणपती पाहिले. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी गेला.

पुढच्या जानेवारीत दमयंतीनेच काढलं, मशीन पडून खराब होण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे. वेदिकाने फोटो काढून त्याच साइटवर टाकले. रविवारी सकाळी परभणीहून एका माणसाचा फोन आला. आईसाठी हवं होतं. फार चाचरत बोलत होता.

"बाई, राग मानू नका. एकदा फसलोय मी."

"विचारा."

"मशीन चालू आहे कशावरून?"

"पैसे मला पाठवू नका," दमयंती म्हणाली. "साइटवर भरा. ते तिथेच राहतील. मशीन तुमच्या घरी नीट चाललं, तुम्ही होय म्हणालात, की मग मला मिळतील. नाही चाललं तर परत घ्या."

तो हळूच म्हणाला, "तरी बी... एकदा चालू करून ऐकवता का?"

दमयंतीने मशीनवरचं धुतलेलं धोतर बाजूला केलं, प्लग लावला आणि खटका दाबला. दोन महिन्यांनी घरात तो आवाज झाला. आधी घरघर, मग ठरावीक वेळाने सुटणारा फुस्कारा, आणि पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे. तिने रिसीव्हर मशीनजवळ धरला.

मागच्या पडवीत हौसावहिनी मासे साफ करत होती. ती धावत आली आणि दारात थांबली. कोपरापर्यंत हात ओले, बोटांना खवले चिकटलेले. तिने मशीनकडे पाहिलं, मग खाटेकडे. गादी गुंडाळून ठेवलेली होती. हात पदराला पुसून ती आत आली आणि उघड्या फळ्यांवर, पायथ्याच्या कडेला, त्याच्या पायांना जागा सोडून बसली.

"येतंय ऐकू, बाई," रिसीव्हरमधून बारीक आवाज आला. "बस झालं. येतंय."

दमयंतीने मशीन लगेच बंद केलं नाही.