कपिलधारच्या वळणांवरचे हलके चाक

चौसाळ्यात हमरस्त्यालगत संजयमामांचे टायरचे दुकान आहे. सकाळी मामा शटर उचलतात, कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी सोडून साचलेले पाणी काढतात, दारात सडा मारतात आणि गणपतीसमोर उदबत्ती लावतात. मग ओल्या फडक्याने भिंतीवर टांगलेल्या एका चाकावरची धूळ पुसतात. मित्रांनो, ते चाक म्हणजे मी. आता मी जुने झाले आहे. पण एका छोट्या स्पोर्ट्स कारचे पुढचे चाक म्हणून मी जगले, याचा मला आजही अभिमान आहे.

माझा जन्म ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून झाला. जिथे भार येतो तिथेच धातू ठेवून बाकीचा कारखान्यात काढून घेतला गेला. म्हणून मी हलके, आणि तरीही खंबीर.

मला आणि माझ्यासारख्या आणखी तीन चाकांना मागवले ते मामांच्या भाचीने, चैतालीने. ती बीडच्या एका महाविद्यालयात शिकवते. तिची लाल रंगाची, दोनच आसनांची जुनी गाडी आहे. पुण्याजवळ दरवर्षी वेळ लावून गाड्या पळवण्याची स्पर्धा होते. मागच्या खेपेला तिचे बक्षीस थोडक्यात हुकले होते. जड लोखंडी चाकांमुळे गाडी वळणावर रेंगाळते, हे तिने ओळखले होते.

खोक्यातून काढताच मामांनी मला एका हाताने उचलले.

"चैताली, हे चाक हाय का पापड? आन् कावून एवढं बारकं? लोकं तर मोठाली चाकं लावतेत."

"लोकांना मिरवायचंय, मामा. मला वळायचंय."

मऊ रबराचे नवे टायर आमच्यावर चढले. नट समोरासमोरचे धरून आवळले गेले. मामींनी चारही चाकांखाली लिंबे ठेवली; ती चिरडून आम्ही निघालो.

कपिलधारच्या वळणांवर मला माझी ओळख पटली. चैतालीने स्टिअरिंग वळवायचा अवकाश, मी वळलेले असे. देवदर्शनाला आलेली माणसे थांबून पाहत. गाडी लाल, म्हणून पाहत असतील. मी मात्र ते कौतुक माझेच समजत असे. दर रविवारी ती मला जुन्या टूथब्रशने आतूनबाहेरून धुवायची.

एकदा नांदूरघाटहून येताना एक खड्डा चुकला नाही. पुढच्या धुण्याला तिचे बोट माझ्या आतल्या कडेवर थांबले. तिथे केसाएवढी बारीक भेग होती. स्पर्धा तोंडावर आलेली, आणि तोवर दुसरे चाक मिळणे शक्य नव्हते.

चैतालीने मला मामांच्या दुकानात गाडीवरून उतरवले आणि टायरही काढला. कपिलधारला भाड्याने भाविक नेणारा सत्यम तेव्हा हवा भरायला आला होता. त्याने मला उलटसुलट करून पाहिले.

"ताई, वेल्डिंग करून घ्या, रंग मारा. कुणाला दिसतंय? स्पर्धा निघंल. मग मला द्या, माझ्या गाडीला बसतंय हे."

"तुझ्या गाडीत कोण बसतं रे?"

"म्हातारी माणसं. लई सांभाळून नेतो मी."

सत्यम गेल्यावर चैतालीने ग्राइंडर घेतला आणि त्या भेगेपासून सुरुवात करून माझी कड आरपार कापली. आता मला सांधून कुणाच्या गाडीला लावण्याचा मोह कोणालाच होणार नव्हता. मला वाईट वाटले नाही असे नाही. पण माझ्या भरवशावर बसलेल्या कुणालाही मी दगा दिला नाही; हा मान मला त्या कापण्यानेच मिळाला. मामांनीही मला मोडीत घातले नाही.

मित्रांनो, चाक फिरत असते तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तुम्ही पाहत जा. धुताना त्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवत जा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी चैतालीने दुकानाच्या कोपऱ्यात ठेवलेली जुनी जड लोखंडी चाके स्वतःच्या हातांनी गाडीला चढवली. मामींनी पुन्हा चार लिंबे ठेवली, आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.