मला धुऊन काढलं तेव्हा

मी स्पंज बोलतोय. भांडी घासायचा नव्हे, तो माझा चुलतभाऊ. तो सिंकपाशी असतो, दिवसातून चार वेळा साबणानं न्हातो आणि लिंबाच्या वासात मिरवतो. मी काचेच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज. जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात, पाण्यात उभा असतो. मळका आणि बुळबुळीत. पाहुणे टाकीकडे कौतुकानं बघतात आणि मग माझ्यावर नजर गेली की नाक मुरडतात. ती लाज जुनी आहे, तिची आता सवय झालीय. पण मी आज सांगणार आहे ती लाज मी स्वच्छ झालो तेव्हाची.

मला या घरात सईनं आणलं. सई बँकेत नोकरी करते. तिनं गुरुशांत नावाच्या एका ओळखीच्या माणसाकडून ॲक्सोलॉटलचं पिल्लू घेतलं होतं. गुरुशांत शाळेत क्लार्क आहे आणि घरी हेच प्राणी वाढवतो. ॲक्सोलॉटल म्हणजे जन्मभर पाण्यातच राहणारा, चार पायांचा, गुलाबी-पांढरा जीव. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल तुऱ्यांसारखे कल्ले आणि तोंड सदा हसरं.

सईच्या सासूबाई इंद्रायणीबाई सांगोल्याकडच्या. त्यांनी चष्मा सारखा करून त्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो मासा हाय का पाल? आन उगाच हसतोय कशाला, येडू?" त्याचं नाव तेच पडलं.

सोलापुरात थंड पाण्याचा जीव पाळायचा म्हणजे चेष्टा नव्हे. इथं उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात आणि येडूला लागतं माठातल्यासारखं गार पाणी. फ्रीजमध्ये बर्फाच्या बाटल्या पाळीपाळीनं तयार असायच्या. "लेकाला कुल्फी न्हाय, पर येडूला बर्फ हाय," असं पुटपुटत इंद्रायणीबाईच त्या बदलायच्या. टाकीत खडे नकोत, तो गिळतो, हे त्यांनी एकदा ऐकलं ते कायमचं लक्षात ठेवलं. ज्या बाईनं जन्मात अंड्याला हात लावला नाही, ती तोंड दुसरीकडे फिरवून चिमट्यानं येडूला गांडूळ भरवायची. आणि नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, सईनं औषधाचे थेंब टाकून ठेवलेल्या बादलीतलंच घ्यायचं, हेही त्यांनी कधी चुकवलं नाही. म्हणून मला त्यांचा राग येत नाही. जे झालं ते मायेनंच झालं.

घटस्थापनेच्या आधी घर धुऊन काढायची रीत आहे. गोधड्या, चादरी, पडदे, पायपुसणी, काही म्हणून सुटत नाही. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, आणि सोलापुरात पाणी येण्याचा दिवस म्हणजे अर्धा सणच. सई आणि तिचा नवरा अवधूत कामावर गेले होते. भांडी-फरशीचं काम करणाऱ्या गोजरबाई आटपून पुढच्या घरी गेल्या होत्या. इंद्रायणीबाईंनी सगळं धुतलं, कमरेवर हात ठेवून हॉलकडे पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"सारं घर लखलखीत, आन ह्यो एकटाच घाण," त्या म्हणाल्या. "देवी बसायची हाय घरात."

त्यांनी मला अलगद काढलं, धुण्याच्या पावडरीत भिजवलं आणि ब्रशनं घासलं. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. माझ्या अंगातून तपकिरी गाळ निघाला तेव्हा वाटलं, चला, जन्माची लाज वाहून गेली. त्यांनी मला गच्चीवर दोरीला, सोलापुरी चादरींच्या रांगेत चिमटा लावून टांगलं. मी वाऱ्यावर झुलत होतो. मनात म्हटलं, आता येऊ देत पाहुणे. वाळल्यावर त्यांनी मला परत टाकीत बसवलं.

संध्याकाळी सई आली, पुसलेली काच बघून म्हणाली, "आई, टाकी छान दिसतेय हं." इंद्रायणीबाई नुसत्या हसल्या. मीही मनातल्या मनात पुढं सरकलो. मूर्ख माणूस सत्काराला पुढं सरकतो तसा.

घट बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी येडूनं गांडूळ तोंडात घेतलं नाही. मग त्याचे कल्ले पुढं वाकायला लागले, शेपटीचं टोक मुडपलं. लाल तुरे फिकट पडले आणि त्यांच्या कडा झडायला लागल्या. तो माझ्या अगदी शेजारी येऊन पडायचा. तोंड मात्र हसरंच. ते हसणं मला बघवेना.

सईनं एका नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. "पाण्यात विष झालंय," ती स्वतःशीच म्हणाली. तिनं येडूला गार पाण्याच्या टबात हलवलं, मग मला बाहेर काढलं आणि बादलीत पिळलं.

माझ्यातून फेस आला. पांढराशुभ्र, धुण्याच्या वासाचा.

मला तोंड नाही, पण त्या फेसानं सगळं सांगून टाकलं. देव्हाऱ्यापाशी इंद्रायणीबाई वाती वळत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. सईनं फेसाकडं पाहिलं, मग सासूबाईंकडं. आतून अवधूतनं विचारलं, "काय झालं गं त्याला?"

"ऑक्टोबरची गरमी," सई म्हणाली. "तीच बाधली असेल."

ती ओरडली असती तर इंद्रायणीबाई दोन शब्द बोलून मोकळ्या झाल्या असत्या. तिनं झाकून घेतलं, तेच त्यांना लागलं. त्या परत वाती वळायला लागल्या, पण एकही वात सरळ होईना. मला तर पाण्यात विरघळून जावंसं वाटलं. ज्या स्वच्छतेची मी मिजास मारली तिनं येडूला आजारी पाडलं, आणि वर चुगलीही मीच केली.

सईनं गुरुशांतला फोन लावला. फोन मोठ्या आवाजात होता, त्यामुळं माझी खरी ओळख मलाही तेव्हाच झाली. तो म्हणाला, "ताई, स्पंजात बारीक जीव राहतात की. डोळ्याला दिसत न्हाईत. येडूच्या घाणीतनं जे विष होतंय, ते तेच खातात. साबण लागला की ते मरतात. नव्यानं वाढायला आठवडे जातात. माझ्याकडचा मळका स्पंज हाय, त्याचा तुकडा नेऊन शेजारी ठेवा. त्याच्यावरनं लवकर वाढतंय."

देव्हाऱ्यापासून इंद्रायणीबाईंचा आवाज आला. "म्हंजे विरजणच की."

त्यांच्या घरात विरजणाचं मडकं कधी पावडरीनं धुतलं गेलं नव्हतं. शेजारणीला त्या विरजण द्यायच्या, तिच्याकडून मागायच्या, आणि आदल्या दह्याचा थोडा अंश मडक्यात राहू द्यायच्या. हे ज्ञान त्यांच्या हातात जन्मभर होतं, फक्त ते टाकीपर्यंत पोचलं नव्हतं.

सई म्हणाली, "संध्याकाळी बँकेतून येताना घेऊन येते."

"दिवेलागणीनंतर विरजण मागू नये," इंद्रायणीबाई म्हणाल्या. स्टीलचा डबा घेतला, आणि नवरात्रात पायात चप्पल घालत नाहीत म्हणून अनवाणीच, भर दुपारी रिक्षा करून निघाल्या.

तिकडं काय झालं ते मला त्या तुकड्यानं सांगितलं. टाकीचं पाणी बदलून, मला फेस जाईपर्यंत खळाळून परत बसवलं होतं आणि तो माझ्या अंगाला टेकवून ठेवला होता. माझ्यापेक्षाही घाण, आणि वास तर विचारू नका. त्याला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. गुरुशांतनं डबा भरून देताना सहज विचारलं होतं, "धुतला कुणी हो, आजी?"

आणि इंद्रायणीबाई म्हणाल्या होत्या, "भांड्याला बाई येती. गोजरबाई. तिला काय कळतंय?"

हे ऐकल्यावर मला दुसऱ्यांदा लाज वाटली, आणि ही पहिलीपेक्षा मोठी होती. रोज सकाळी गोजरबाई माझ्यासमोर फरशी पुसायच्या आणि आपल्या नावावर काय चढलंय हे त्यांना माहीतही नसायचं. मी पाण्यात उभा राहून बघायचो. इंद्रायणीबाई त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या नाहीत.

टबातल्या येडूचं पाणी सई रोज बदलत होती. त्याला परत भूक लागली. दसरा आला.

दसऱ्याच्या संध्याकाळी गुरुशांत सोनं द्यायला आणि येडूला बघायला आला. सणाच्या जादा कामासाठी गोजरबाईही आल्या होत्या. इंद्रायणीबाईंनी नुकतंच त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं होतं. गुरुशांतनं टाकीत डोकावून मला पाहिलं, आणि गोजरबाईंकडं वळून अगदी चांगल्या मनानं म्हणाला, "मावशी, परत ह्याला पावडरीत घालू नका हं. लई नाजूक काम असतंय."

गोजरबाई गोंधळल्या. "मला काय कळतंय त्यातलं, दादा? म्या त्या पेटीला हात बी लावत न्हाय."

सई एकदम म्हणाली, "अहो, ते जाऊ द्या, चहा घ्या."

"थांब, सई," इंद्रायणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तिनं न्हाय धुतला. म्या धुतला. आन तुमच्याकडं तिचं नाव बी म्याच सांगितलं."

गोजरबाईंनी हातातलं पान पदराच्या टोकाला बांधलं, राहिलेली फरशी पुसली आणि "येते" म्हणून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या वेळेवर यायच्या, काम करायच्या आणि इंद्रायणीबाईंशी बोलायच्या नाहीत. मग एका सकाळी निघताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "आजी, विरजण हाय का वाईच?" इंद्रायणीबाईंनी वाटी भरून दिली.

आता वर्ष झालंय. येडू टाकीत परत आलाय. त्याचे तुरे पुन्हा फुटले, कारण झडलेलं अंग परत उगवण्याची कला त्याला देवानं दिलीय. मी पुन्हा मळका, बुळबुळीत आहे. तो तुकडा आणि मी आता वेगळे ओळखू येत नाही.

काल परत घटस्थापनेचं धुणं निघालं. गोजरबाई हातात ब्रश घेऊन टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि गंभीर तोंड करून म्हणाल्या, "आजी, ह्यो बी घालू का पावडरीत?"

"आधी मलाच घाल," इंद्रायणीबाई म्हणाल्या. दोघी हसल्या, पण इंद्रायणीबाईंनी मान वर केली नाही. मग त्यांनी टाकीतलंच जुनं पाणी बादलीत घेतलं, मला त्यात दोनदा हलकेच पिळलं आणि जागेवर ठेवलं.

धुण्याच्या पावडरीचा वास आला की मी अजून आक्रसतो. तुम्हाला माझं सांगणं एवढंच. घर खुशाल धुवा, मला मात्र मळका राहू द्या. आणि चुकून धुतलंच, तर कुणी धुतलं असं विचारल्यावर आपलंच नाव सांगा.