न दिलेला कोड

दिंद्रुडच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा विमलबाई यांच्या मनात गहिनीनाथबद्दल संशय शिरला होता. त्या दुष्काळात दिंद्रुड आणि वडवणीच्या संस्थांनी मिळून चारा आणायचं ठरवलं होतं. दोन्ही गावांच्या चारा छावण्यांत रोज सकाळी जनावरांच्या कानातल्या टॅगचे मोबाइलवर फोटो निघत. वडवणी संस्थेचा कॉम्प्युटरवाला गहिनीनाथ, त्याने लिहिलेला प्रोग्राम त्या फोटोंवरून जनावरं मोजायचा आणि कुठल्या छावणीला किती चारा द्यायचा ते सांगायचा. दिंद्रुडला चारा दरवेळी कमीच यायचा.

"प्रोग्राम आमालाबी द्या, आमी तपासतो," असं विमलबाईंनी कळवलं. त्याने पाठवला, पण सगळा नाही. टॅग वाचणारा भाग नुसता चालायचा. आत काय लिहिलंय ते दिसत नव्हतं.

मग त्या आपले दीर अर्जुनराव यांना घेऊन वडवणीला निघाल्या. अर्जुनराव संस्थेचे सचिव. एसटीत त्यांचं एकच चाललं होतं, "वैनी, काम सरळ असतं तर झाकलं कावून असतं?"

गहिनीनाथने शांतपणे सांगितलं, "ताई, तेवढा भाग माझा न्हाई. पुण्याच्या एका कंपनीची लायब्ररी हाय, म्हंजी त्यांनी लिहिलेला तयार कोड. मला तो वापरता येतो, चालता प्रोग्राम तुमाला देता येतो. पण मूळ कोड दुसऱ्याला द्यायचा न्हाई, असं लिहून घेतलंय. कॉपीराइट त्यांचा."

"मग आमी खात्री कशी करायची?"

"परवानगी मागितली होती म्या. न्हाई म्हणले."

विमलबाईंना हे उत्तर फार सोयीचं वाटलं. नकार द्यायला कुणीतरी लांबचं हाताशी असलं की माणूस मोकळा. इतक्यात बाहेर टँकर आला आणि गहिनीनाथ उठून गेला. विमलबाईही दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

बसस्टँडवर अर्जुनरावांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "तुमी दारात होता तवा त्याच्या कॉम्प्युटरवरून उतरवून घेतला. सगळा कोड हाय यात. माजलगावात माझ्या वळखीचा इंजिनिअर हाय, त्याला दाखवू."

विमलबाईंचा जीव क्षणभर त्या पेन ड्राइव्हवर अडकला. हवं होतं ते समोर होतं.

"उद्या हे बाहेर आलं, तर नाव कुणाचं येईल?"

"त्याचंच की."

"तो चोर असंल तर चोर म्हणून धरू, भाऊजी. आपण चोरी करून त्याला कशाला गुंतवायचं? चला माघारी."

पेन ड्राइव्ह पाहून गहिनीनाथचा चेहरा उतरला. त्याने दोघांसमोर तो पुसून टाकला. मग अर्जुनरावांकडे पाहत म्हणाला, "आता तुमच्यावरबी नजर ठिवावी लागंल."

"ठिवा," विमलबाई म्हणाल्या. "पण तुमच्यावरची आमची हटली न्हाई. टॅग वाचणारा तो भाग बाजूला काढा. उद्या आमच्या छावणीत या. नंबर आमी वाचतो, तुमी हातानं टाका."

दुसऱ्या दिवशी तो आला. छावणीतल्या बायका एकेका जनावराचा नंबर वाचत होत्या, तो टाइप करत होता आणि विमलबाई त्याच्या बोटांवरून नजर हलवत नव्हत्या. हातानं मोजलेली जनावरं प्रोग्रामने फोटोंवरून मोजलेल्यांपेक्षा बरीच जास्त निघाली.

"म्हणलो न्हवतो?" अर्जुनराव म्हणाले.

फोटोतून सुटलेली जनावरं कुठली ते बघत गहिनीनाथ दावणीने फिरला. दिंद्रुडच्या तळ्यात अजून थोडा चिखल उरला होता. म्हशी त्यात लोळून येत आणि तो टॅगवर वाळून बसे. असे टॅग प्रोग्राम वाचू शकत नव्हता आणि काही न सांगता सोडून देत होता. वडवणीचं तळं केव्हाच कोरडं पडलेलं, तिथले टॅग स्वच्छ. त्याने रुमालाने एक टॅग पुसून फोटो काढला. नंबर आला.

"म्या फक्त आमचीच जनावरं तपासली होती," तो खाली बघत म्हणाला. "इकडं येऊन बघायला पायजे होतं."

विमलबाईंनी दुसरी म्हैस स्वतः निवडली, पदराने टॅग पुसला, त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि फोटोही स्वतःच काढला. नंबर आला. तिसऱ्या म्हशीचाही आला.

त्याच दिवसापासून न वाचलेले टॅग वेगळे दाखवून हाताने टाकायची सोय गहिनीनाथने करून दिली. पुढच्या खेपेला दिंद्रुडला पुरता चारा आला.

संस्थेच्या बैठकीत विमलबाई म्हणाल्या, "कोड त्यानं दाखवला न्हाई, दाखवायचा त्याला हक्कच न्हाई. पण मोजणी आपल्यासमोर करून दावली. प्रोग्राम चालू ठिवू, आठवड्यातून एकदा हातानं मोजू."

बाकी सगळ्यांनी होकार दिला. शेवटी अर्जुनरावांनीही हात वर केला.