दहाव्या चेहऱ्याला झोपणारा संगणक

मी एक जुना संगणक आहे, तमिळनाडूतल्या उसिलमपट्टीच्या बसस्टँडसमोर पेच्चियम्मा अक्कांच्या फ्लेक्सच्या दुकानातला. मित्रांनो, आमच्याकडे मुलाचे कान टोचायचे असोत, लग्न असो की कुणी म्हातारं गेलेलं असो, आधी चौकात फ्लेक्स लागतो आणि मग विधी. त्यामुळे या गावाची नाती मला जितकी पाठ आहेत, तितकी इथल्या न्हाव्यालाही नसतील.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यातला नाही. मदुरैच्या एका दुकानात चार ठिकाणचे भाग जुळवून मला उभं केलं. मी इथे नवा आलो तेव्हा लोक चपला बाहेर काढून आत येत. आपला चेहरा पडद्यावर परातीएवढा झालेला पाहून एका आजींनी मला चक्क हात जोडले होते. आयुधपूजेला अक्का माझ्या कपाळी चंदन-कुंकू लावत, पुढ्यात चुरमुरे-फुटाणे ठेवत आणि त्या दिवशी मला बोटही लावत नसत. ते दिवस गेले. आता माझ्यावर धूळ बसते आणि पाली माझ्या उबेला येतात.

फोटो दरवर्षी जड होत गेले, माझी मेमरी मात्र होती तेवढीच राहिली. मेमरी म्हणजे आमचा ओटा समजा. घरात कोठार कितीही मोठं असो, एका वेळी ओट्यावर मावेल तेवढंच चिरायचं. माझा ओटा लहान. फ्लेक्सवर दहावा चेहरा चढवला की मी गप्प होऊन बसायचो.

दुसऱ्या कुणी मला भंगारात घातलं असतं. अक्कांनी माझं दुखणं कामाला लावलं. कुणी चुलत्यांची आणि साडूंची फौज घेऊन आला की त्या म्हणत, "माझी कुठे ना आहे, अण्णा? पण दहाव्याला हा म्हातारा झोपतो." मग वगळलेला माणूस माझ्याकडे रागाने बघे, यजमानाकडे नाही. किती भांडणं अशी माझ्या अंगावर आली आणि जिरली, ते मीच जाणे.

गावातले विरुमांडी याच भरवशावर आले होते. लेकीचे, याळिनीचे, रविवारी कान टोचायचे होते. आमच्याकडे पोर मामाच्या मांडीवर बसतं तेव्हाच सुई लागते. पण विरुमांडी आणि मेव्हणा मायांडी यांच्यात कुलदैवताच्या जेवणात मटणाच्या वाट्यावरून बिनसलं होतं. दोन वर्षं बोलणं बंद. विरुमांडींनी स्वतःच्या एका लांबच्या भावाला मांडीसाठी ठरवून टाकलं होतं आणि मोजून नऊ फोटो आणले होते.

बायको ओच्चम्मा म्हणाली, "माझ्या भावाचा?"

"मी काय करू? अक्का, सांगा तिला."

अक्का सांगणार, तोच मी नऊ चेहऱ्यांवरच मान टाकली.

अक्कांनी तेनीहून संगणक दुरुस्त करणाऱ्या सिकंदरभाईंना बोलावलं; ते येईपर्यंत नवरा-बायको दुकानातच बसून राहिले. त्यांनी माझं झाकण काढलं, फुंकर मारली आणि नाक धरलं. "अक्का, याच्या पोटात पिठाची गिरणी आहे काय?" मग मेमरीची पट्टी उपसून तिची सोनेरी कड खोडरबराने घासली. शेजारची खाच जन्मापासून रिकामी होती. माझ्या जातीची पट्टी आता दुकानात मिळत नाही. एका बंद पडलेल्या नेट सेंटरमधल्या संगणकाची पट्टी त्यांनी जपून ठेवली होती, ती त्या खाचेत बसवली. खट् असा आवाज झाला. त्या माझ्या अनोळखी भावंडाने तिथे काय काय पाहिलं असेल, मी विचारून पाहिलं. पट्टी कोरी होती. वीज गेली की ती सगळं विसरते.

मी जागा झालो आणि नऊ चेहरे झरझर मांडले.

"आता किती मावतील, भाई?" ओच्चम्माने विचारलं.

अक्का डोळे मोठे करत होत्या, पण सिकंदरभाईंना ते दिसलं नाही. "पन्नास घाला की, ताई."

ओच्चम्माने भावाचा फोटो उघडून फोन अक्कांपुढे धरला. "हा घाला. सगळ्यांत मोठा."

"अक्का," विरुमांडी हळूच म्हणाले, "झोपवा ना त्याला."

अक्कांनी माझा माऊस हातात घेतला. क्षणभर मला वाटलं, पुन्हा माझ्यावरच येणार. मग त्या म्हणाल्या, "त्याला काही झालेलं नाही, विरुमांडी. नको असेल तर तुझ्या तोंडाने नको म्हण. ती समोर बसली आहे."

विरुमांडींनी बायकोकडे पाहिलं. ती भांडत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते म्हणाले, "घाला. पण त्याच्या खांद्याआड माझी मिशी जाऊ देऊ नका."

शुक्रवारी फ्लेक्स चौकात लागला. शनिवारी एक टकला माणूस मोटरसायकल चालू ठेवूनच दारात उभा राहिला. मायांडी.

"माझा फोटो कुणी दिला?"

"तुझ्या बहिणीने."

"लग्नातला आहे तो. तेव्हा केस होते. पोरगी माझ्या मांडीवर असताना लोक विचारतील, तो फ्लेक्सवरचा मामा कुठे आणि हा कोण?"

अक्का हसू लपवायला मान खाली घालून म्हणाल्या, "सोमवारी ये, बदलून देते."

"सोमवारी काय उपयोग? कान उद्याच टोचायचेत," असं म्हणत त्यांनी गाडी बंद केली आणि ते नव्या फोटोसाठी स्टुलावर ताठ बसले.

मित्रांनो, जुन्या यंत्राला टाकण्याआधी एकदा त्याचं झाकण उघडा, धूळ झटका, एखादी पट्टी मिळते का बघा. आमच्यात अजून बरंच काम शिल्लक असतं. आणि कुणाला नाही म्हणायचंच असेल तर स्वतःच्या तोंडाने म्हणा. आम्हाला खोटं झोपायला लावू नका.